चाकावरचा हात

मित्रांनो, तुम्ही डाळजला आमच्या घरी आलात तर मी तुम्हाला पटकन दिसणार नाही. खिडकीजवळ एक ढीग दिसेल. वर हेल्मेट, त्याखाली घडी घातलेल्या दोन गोधड्या, मोबाईलचा चार्जर, पाचवीच्या वह्या आणि कुणीतरी अर्धा खाऊन ठेवलेला बिस्किटांचा पुडा. त्या सगळ्याच्या खाली जी आहे ती मी. शिवणाची मशीन. जुनी, काळी, पायांनी चालवायची.

आधीच सांगून ठेवते, मला फारसं काही वाटत नाही. रडगाणं ऐकायला मिळेल म्हणून बसला असाल तर खुशाल उठा. लोखंडाची जात आमची. कुणी कौतुक केलं तरी तेवढंच वजन आणि कुणी अंगावर गोधड्या टाकल्या तरी तेवढंच. पण गेल्या वर्षी या घरात एक गोष्ट घडली आणि तिचं मूळ माझ्यात होतं. ती दुसरं कोण सांगणार? हेल्मेट थोडंच सांगणार आहे?

माझा जन्म लुधियानातला. ओतलं, घासलं, काळा रंग दिला, अंगावर सोनेरी वेल काढली. एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या सुईखाली चिंधी सरकवली, चार टाके घातले आणि मान हलवली. झालं माझं बारसं. मग ट्रकमधून बारामतीच्या एका दुकानात आले. तिथून इंदापूरच्या महिपती टेलरनं मला नेलं.

महिपती शाळेचे गणवेश शिवायचा. जून महिना आला की माझ्यावर पांढऱ्या सदऱ्यांचा आणि खाकी चड्ड्यांचा डोंगर. गिऱ्हाईक आलं की तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "ही दमत न्हाय. दमतो तो आपून." मला ते आवडायचं. तेव्हा मी नवीन होते, आवडणं वगैरे चालायचं.

त्याच्याकडे गल्लीतली एक मुलगी शिवण शिकायला यायला लागली. दहावी झालेली, नाव ज्योत्स्ना. पहिल्याच दिवशी तिनं उत्साहानं दोन्ही पाय पायट्यावर मारले आणि माझं चाक उलटं फिरलं. दोरा तटकन तुटला. महिपतीनं तिला जो पहिला धडा दिला तो असा.

"आधी हात, मग पाय. उजवा हात चाकाव ठिवायचा, आपल्याकडं फिरवायचं, आन् मग पाय चालवायचं. हात इसरलीस तर चाक उलटं जाणार आन् दोरा तुटणार. बाकी समदं इसरलीस तरी चालंल."

ती बाकीचंही काही विसरली नाही. पण हा धडा तर तिच्या हाडात गेला. शिवण संपली की हात चाकावर, शिवण सुरू करायची की हात चाकावर. बोलताना, हसताना, दाराकडे बघताना सुद्धा तो हात आपोआप माझ्याकडे यायचा.

पुढं महिपतीची नजर गेली. ज्योत्स्नाचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला, "घिऊन जा हिला. मला आता सुईचं भोक दिसत न्हाय." अशी मी नवरीबरोबर टेम्पोतून डाळजला आले. घर हायवेपासून जवळ. ट्रक गेला की माझ्या पोटातली दोऱ्याची बॉबिन हलायची, इतकं जवळ.

इथं माझी पंधरा वर्षं गेली. ब्लाऊज, परकर, साड्यांचे फॉल, उशांचे अभ्रे. चौदा एप्रिलच्या आधी पंधरा दिवस तर जेवायला फुरसत नसायची. वस्तीतल्या प्रत्येक पोराला जयंतीला पांढरे कपडे हवेत, आणि ते ज्योत्स्नानंच शिवायला हवेत. तिची मुलगी दिशा माझ्या पायट्याशेजारी रांगायला शिकली. नवरा अनुप भिगवणच्या मासळी बाजारातून आला की माझ्या समोर भिंतीला टेकून बसायचा आणि आज कुणाचं कुणाशी वाजलं ते सांगायचा. सासू तुळसाबाई दारात ताट घेऊन तांदूळ निवडायची आणि मध्येच हुंकार भरायची. सगळं घर माझ्याभोवती. मला वाटायचं, घर म्हणजे असंच असतं, मधोमध मशीन आणि कडेनं माणसं.

मग तयार कपडे स्वस्त झाले. बायका यायच्या त्या फक्त चेन बसवायला नाहीतर बाही उसवायला. आठवड्याला दोन ब्लाऊज, फार तर तीन.

त्यातच दिशाच्या शाळेतून एक फॉर्म आला. आईचा व्यवसाय असा एक रकाना होता. दिशानं मला टेकून बसून तो भरला आणि तिथं 'घरकाम' लिहिलं. ज्योत्स्ना तेव्हा माझ्यावर एक ब्लाऊज शिवत होती. ती थांबली.

"आगं, मी काय करतीय आत्ता?"

"शिवतीयस," दिशा म्हणाली. "पण ते घरातच हाय की."

ज्योत्स्नानं पुन्हा पाय चालवले. पण त्या ब्लाऊजची बाही तिनं उलटी जोडली, हे फक्त मला माहीत आहे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

जून संपता संपता बातमी आली. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कपड्यांच्या कंपनीत बायका भरायच्या होत्या. गाडी डाळजच्या फाट्यावर यायची. अट एकच, वय पस्तीसच्या आत. ज्योत्स्नाला सप्टेंबरात पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे ही संधी गेली की दुसरी नव्हती. आधी चाळीस दिवसांचं ट्रेनिंग, मग परीक्षा. तासाला साठ बाह्या जोडता आल्या तर कायम, नाही तर घरी.

"जा," तुळसाबाई म्हणाली. "माझी जिंदगी लोकाच्या उसात खुरपं धरून गेली. सकाळी चालत जायाचं, सांजंला चालत यायाचं. तू गाडीत बसून जा."

ज्योत्स्ना गेली. तिनं जाताना माझ्यावर एक जुनी ओढणी टाकली. मला वाईट वाटलं असं म्हणायची पद्धत आहे, पण वाटलं नाही. दुपारभर ट्रक जात राहिले आणि माझी बॉबिन हलत राहिली.

आता कंपनी मी काही पाहिलेली नाही. सांगते आहे ते ऐकलेलं. तिथल्या मशीनला म्हणे वीज असते. पायानं नुसतं दाबलं की सुई पळते, टाच मागं घेतली की दोरा आपोआप कापला जातो. कापडावरचा दाब उचलायला हात लागत नाही, गुडघा लागतो. एका बाईनं दिवसभर एकच काम करायचं. ज्योत्स्नाकडे शर्टाची उजवी बाही आली होती. डावी दुसऱ्या बाईकडे. संध्याकाळपर्यंत उजवी, उजवी, उजवी.

पहिले पंधरा-वीस दिवस या घरात कुणी राहत होतं का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. ती साडेसहाला यायची. चप्पल काढायची आणि माझ्या स्टँडला पाठ लावून खाली बसायची. दिशा शाळेतलं सांगायची. ही "हं" म्हणायची. अनुप बाजारातलं सांगायचा. ही "हं". तुळसाबाई चहाचा कप हातात द्यायची, तो तसाच गार व्हायचा.

"बोटं बधिर झाल्यात," ती एकदा म्हणाली. "चिमटा काढला तरी कळत न्हाय."

मी ऐकत होते. तिची पाठ माझ्या स्टँडला टेकलेली होती आणि ती लोखंडासारखीच गार होती. दोघी तशाच बसून राहायचो.

अठराव्या दिवशी ती आली ती दारातच बसली. चप्पलही काढली नाही.

"काय झालं?" अनुपनं विचारलं.

"अडतीस," ती म्हणाली. "तीन दिस झालं, तासाला अडतीसच. फुडं जातच न्हाय. माझ्या मागनं आलेल्या पोरी पन्नासाव गेल्या. ट्रेनिंगच्या मॅडम आज माझ्या मागं येऊन हुभ्या राह्यल्या. मला म्हणल्या, ताई, तुमचा हात दर वेळी कुठं जातो?"

"कुठं जातो?"

"चाकाव." ती आपल्या उजव्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती. "तितल्या मशीनला चाकाला हात लावायचं कामच न्हाय. तरी माझा हात जातोय. प्रत्येक बाहीला जातोय. हात गेला की काम तुटतं, अर्धं-अर्धं मिनिट जातंय म्हणल्या मॅडम. मला कळतंय, पण हात ऐकत न्हाय."

तर मित्रांनो, असं होतं ते. चोर मी होते. तिच्या हाडात जो धडा गेला होता तो माझ्या चाकाचा होता. इंदापुरात ज्यानं तिचा दोरा वाचवला, बारामतीत तोच तिची नोकरी घालवायला निघाला होता. मला याचं काही वाटलं का? थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू.

अनुप उपाय काढण्यात पटाईत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं माझ्यावरची ओढणी काढली, जुन्या चादरीचे बाहीएवढे तुकडे कापले आणि ज्योत्स्नाला माझ्यासमोर बसवलं. मग तिचा उजवा हात सुताच्या पट्टीनं तिच्याच मांडीला बांधला.

"आता जाऊ दे बघू कुठं जातोय ते!"

हात गेला नाही. पण कापडही सरकेना, कारण कापड धरायला दोन हात लागतात. चाक कोण फिरवणार हाही प्रश्नच होता. डाव्या हातानं तिनं तुकडा कसाबसा पुढं ढकलला, तो वाकडा झाला. अनुप डोकं खाजवायला लागला.

तुळसाबाई स्वयंपाकघरातून बघत होती. ती पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली.

"काय येड लागलंय का तुला? हात बांधून कुठं शिवण हुतीया व्हय? सोड तिला."

तिनं तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, माझ्या चाकाच्या बाजूला पालथा घातला आणि त्यावर बसली. आपला हात माझ्या चाकावर ठेवला. मी दचकले. या घरात इतकी वर्षं राहून तुळसाबाईनं मला कधी हात लावला नव्हता. तिला सुईत दोराही ओवता येत नाही. खुरप्यानं तिच्या तळव्याला घट्टे पडलेले आहेत, ते माझ्या चाकाला लागले.

"चाक माझं," ती म्हणाली. "तू कापडाकडं बघ आन् पाय चालीव. हात हिकडं आला की मी हानणार."

पहिल्या दिवशी तिनं चाक उलटंच फिरवलं. दोरा सात वेळा तुटला. "आत्या, आपल्याकडं! आपल्याकडं फिरवा!" ज्योत्स्ना ओरडायची. "आगं तुझ्याकडं का माझ्याकडं?" तुळसाबाई उलट ओरडायची. शेवटी जमलं. ज्योत्स्ना कापड लावायची, सासू चाकाला झटका द्यायची, सून पाय चालवायची. तुकडा संपला की ज्योत्स्नाचा हात चाकाकडे यायचाच, आणि तिथं आधीच बसलेला सासूचा हात त्याच्यावर फटकन बसायचा.

"मागं घे!"

दिशानं एक वाटी आणली आणि घरातले चिंचोके काढले. आईचा हात आला की वाटीत एक चिंचोका. पहिल्या संध्याकाळी एक्केचाळीस झाले. दिशानं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, तारीख घालून.

मग ते रोजचंच झालं. ती साडेसहाला यायची, चहा प्यायची, आणि जेवणाआधी तासभर सगळे माझ्याभोवती. अनुप डावीकडून तुकडे द्यायचा, दिशा चिंचोके टाकायची, तुळसाबाई डब्यावर. अनुप मुद्दाम मॅडमचा आवाज काढायचा, "ताई, तुमचा हात कुठं जातो?" आणि चौतीस चिंचोक्यांच्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी, ज्योत्स्ना हसली. किती दिवसांनी हसली ते मला सांगता येईल, पण नको. तिचं हसणं ऐकून दिशा इतकी खूश झाली की तिनं वाटी पाडली आणि चिंचोके माझ्या पायट्याखाली गेले. त्यातला एक अजून तिथंच आहे.

एकतीस. सत्तावीस. एका दिवशी परत छत्तीस, कारण त्या दिवशी गाडी बंद पडली होती आणि ती दमून आली होती. मग बावीस. चौदा. कंपनीतही आकडा वर सरकत होता. बेचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न. "आज मॅडम काय बोलल्या न्हाईत," ती एकदा म्हणाली, आणि त्याचाही सगळ्यांना आनंद झाला. ती आता जेवताना बोलायला लागली होती. कोऱ्हाळ्याची एक बाई तिच्या शेजारी बसते, तिच्या डब्यातलं लोणचं कसं होतं, कुणाची बाही कुणाकडं गेली. "हं" म्हणायची पाळी आता अनुपवर आली.

मनात आणलं असतं तर मी हे सगळं बिघडवू शकले असते. एखादा दोरा गुंतवायचा, बॉबिन अडकवायची, जुन्या मशीनला काय अवघड आहे? कुणाला संशयही आला नसता. पण मी एकही टाका चुकवला नाही. मला विसरायचं कसं हे ती माझ्यावरच शिकत होती आणि मी तिला ते नीट शिकवलं. महिपतीनं शिकवलं होतं तितकंच नीट.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाटी रिकामी राहिली. साठ तुकडे झाले आणि एकदाही हात आला नाही. दिशानं रिकामी वाटी सगळ्यांना दाखवली, मलासुद्धा. अनुपनं टाळ्या वाजवल्या. तुळसाबाईनं आपला हात चाकावरून काढला आणि पदराला पुसला. "आता गप जेवा," ती म्हणाली. "उद्या सकाळी उठायचंय हिला." माझ्यावर ओढणी पडली. मला काही वाटलं नाही. खरंच. आत कुठंतरी तेल सुकायला लागल्यासारखं झालं, पण तेल सुकतंच.

परीक्षेच्या दिवशी, शनिवारी, अनुप गाडीच्या तासभर आधीच फाट्यावर जाऊन उभा राहिला. घरात तुळसाबाईनं तीन वेळा भांडी घासली. गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग पावलं. ज्योत्स्ना दारात आली. तिच्या गळ्यात निळ्या फितीला एक कार्ड होतं.

दिशानं ते हातात घेऊन मोठ्यानं वाचलं. वर आईचं पूर्ण नाव, खाली 'ऑपरेटर'.

"किती?" तुळसाबाईनं विचारलं.

"एकसष्ट."

"एक जास्तीची कशाला केलीस?" असं म्हणून तुळसाबाईनं पदर डोळ्याला लावला. अनुपच्या पिशवीत चिलापी होती, आधीच घेऊन ठेवलेली. "समजा नापास झाली असती तर?" दिशानं विचारलं. "तरी जेवलोच असतो की," तो म्हणाला. मासे तळल्याचा वास रात्रभर माझ्या लाकडी फळीत राहिला.

त्यानंतर ज्योत्स्ना कामात रुळली. आठ महिने झाले आता. शाळेच्या नव्या फॉर्मवर दिशानं 'नोकरी' लिहिलं आणि ते आईला दोनदा दाखवलं. संध्याकाळी घरात बोलणं असतं, हसणं असतं. रविवारी चौघं मोटारसायकलवर मावत नाहीत म्हणून अनुप दोन फेऱ्या करतो आणि सगळी धरणाच्या पाण्यावर पक्षी बघायला जातात. परत येतात तेव्हा चपलांना चिखल असतो. मी घरात थांबते. घर माझ्याभोवती नसतं, एवढाच काय तो फरक. मशीन मधोमध नसली तरी घर असतं, हे मला तेव्हा कळलं. उशिराच कळलं.

माझ्यावर आधी चार्जर आला. मग वह्या. मग गोधड्या. गिऱ्हाइकं परत जायला लागली. माझ्या पट्ट्याला भेग पडली. एकदा भंगारवाला दारात आला आणि खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, लोखंड द्यायचंय का?" तुळसाबाई म्हणाली, "फुडं व्हय."

यंदाच्या जयंतीला दिशानं हट्ट धरला. ज्योत्स्नानं बारामतीहून पांढरा ड्रेस आणायचं ठरवलं होतं.

"मला दुकानातला नगं. तू शिवलेला पायजे."

"आगं, रोज दिवसभर शिवतीच की मी."

"त्या कुणाच्या तरी बाह्या असत्यात," दिशा म्हणाली. "माझ्या न्हाईत."

ज्योत्स्नानं पांढरं कापड आणलं. जयंतीआधीच्या रविवारी सकाळी ढीग खाली उतरला. अनुपनं नवा पट्टा बसवला, सगळ्या भोकांत तेल घातलं. ज्योत्स्नानं न बघता सुईत दोरा ओवला. बाहीचे दोन तुकडे जुळवून सुईखाली धरले आणि पाय पायट्यावर ठेवले.

मी वाट बघत होते. एवढ्या महिन्यांनी तो हात येणार होता.

तिनं उजव्या पायाचा चवडा एकदा दाबला आणि सुईकडे बघत राहिली. दोन्ही हात कापडावर. काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं, जरा जोरात. माझं चाक मागं गेलं, अर्धा वळसा, आणि दोरा तटकन तुटला.



"मोडली का काय?" अनुपनं विचारलं.

"न्हाय. मशीनला काय न्हाय झालं." तिचा चेहरा जुलैतल्या त्या संध्याकाळी होता तसा झाला होता, काहीच नसलेला. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "माझा हातच आला न्हाय, आवं. पयला धडा हुता तो. महिपती काका म्हणलं हुतं, बाकी समदं इसरलीस तरी चालंल."

मग तिनं तो हात मुद्दाम उचलला. शिकायला आलेल्या मुलीनं उचलावा तसा, हळू. तो माझ्या चाकाजवळ आला. चार बोटं अंतर राहिलं. दोन बोटं.

फटकन त्यावर दुसरा हात बसला.

"मागं घे!" तुळसाबाई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नव्हतं. "उद्या सोमवार हाय. परत सवय लागली म्हंजी? कामाव जायचंय का न्हाय तुला?"

"आत्या, पण मशीन—"

"डबा कुठंय?" दिशानं धावत जाऊन मागच्या दारातून तेलाचा डबा आणला. तुळसाबाई गुडघे धरत त्यावर बसली आणि तिनं घट्टे पडलेला हात माझ्या चाकावर ठेवला. "चाक माझं म्हणलं हुतं ना? ते काय परीक्षेपुरतं न्हवतं म्हणलं."

ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, कारण हात कापडावर हवे होते. तिनं दोरा पुन्हा ओवला. तुळसाबाईनं चाक फिरवलं, आपल्याकडं, बरोबर बाजूला. मी चालू लागले.

वर्षभरात म्हातारीचा हात थरथरायला लागला आहे. चौथ्या-पाचव्या शिवणीला तो घसरला, तेव्हा दिशानं आपला हात त्याच्यावर ठेवला. मग दोघींनी मिळून फिरवलं. अनुप भिंतीला टेकून बसला आणि बाजारात काल कुणाचं कुणाशी वाजलं ते सांगायला लागला. दुपारपर्यंत ड्रेस झाला. उजवी बाही डाव्या बाहीपेक्षा चांगली बसली आहे, पण ते तुम्ही कुणाला सांगू नका. मला बरं वाटलं. एवढ्या आयुष्यात मी हे सरळ शब्दांत क्वचितच म्हटलं असेल, म्हणून सांगितलं.

मित्रांनो, शेवटी मशीननं काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागते. जुन्या वस्तूंना तेल घाला, धुळीपासून जपा, हे तर तुम्हाला शाळेतही सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कुणी नव्या कामाला लागलं, आई असो, बाबा असोत, ताई असो, तर त्यांचे हात आता तिकडे गुंतलेले असतात. ते घरातलं काही विसरले तर रागावू नका. त्यांचं जुनं चाक थोडे दिवस तुम्ही फिरवा. दोरा ओवता आला नाही तरी चालतं, तुळसाबाईलाही येत नाही.

सोमवारी सकाळी ज्योत्स्ना नेहमीच्या गाडीनं कामावर गेली. दुपारपर्यंत माझ्यावर वह्या आल्या, गोधड्या आल्या, हेल्मेट आलं. चाकाच्या बाजूला मात्र कुणी काही ठेवलं नाही. तिथं तेलाचा डबा आहे, पालथा घातलेला.